चाचा चौधरी, सेक्टर ५८

नोएडातल्या बोटॅनिकल गार्डनहून मेट्रोच्या मॅजेंटा मार्गाची गाडी पकडली की सातवं स्टेशन ओखला एनएसआयसीचं. एरवी तिथे उतरणारी मंडळी औद्योगिक वसाहतीत कामावर निघालेली असतात. डिसेंबरात कॉमिक कॉन भरतं तेव्हा मात्र डब्यातच जत्रा असते. पाठीला पुठ्ठ्याची तलवार बांधलेला कॉलेजकुमार, निळ्या केसांचा टोप घातलेली मुलगी, आणि एका हातात मुखवटा नि दुसऱ्या हातात मूल धरलेला एखादा बाप. या लेखाचा विषय हा शेवटचा गृहस्थ आहे.

त्याची पंचाईत समजण्यासारखी आहे. लग्नाआधी तो दार उघडताच आत शिरायचा आणि संध्याकाळी पिशव्या भरून परतायचा. आता थोरलीला दर अर्ध्या तासाला तहान लागते, धाकट्याला कर्ण्यांचा आवाज सहन होत नाही आणि ज्या चित्रकाराशी दोन शब्द बोलायचे त्याच्या टेबलापर्यंत रांग सरकते तोवर बाळाची झोपायची वेळ होते. डिसेंबरातल्या दिल्लीच्या हवेचं तर नावच नको. त्यामुळे दिल्ली आणि आसपासचे पुष्कळ संसारी चाहते कॉनला फार तर एखादा दिवस देतात आणि उरलेलं वर्षभर हा छंद घरात जोपासतात. यात त्यांचं काही हुकतंय असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे कॉमिक्सचं वेड मुळात घरातच वाढलं. मैदानावर ते फार उशिरा गेलं.

किती उशिरा? अमेरिकेत सॅन दिएगोचं कॉमिक कॉन १९७० सालचं. आपल्याकडे जतिन वर्मा यांनी पहिलं कॉमिक कॉन भरवलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये, दिल्ली हाटात, म्हणजे हातमागाच्या चादरी आणि मोमो विकणाऱ्या स्टॉलांच्या शेजारी. पुढे ते ओखल्याच्या मैदानावर आलं, इतर शहरांत पसरलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीनं ते ५५ कोटी रुपयांना विकत घेतलं. दिल्ली हाटापासून ५५ कोटींपर्यंतचा हा प्रवास तेरा वर्षांचा. घरातल्या वाचनाचा इतिहास त्याच्या चौपटीहून मोठा आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि मराठी घरांत वेताळ आणि जादूगार मँड्रेक आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्यात बहादूर आणला. चंबळच्या डाकूंशी झुंजणारा हा नायक गोविंद ब्राह्मणिया रेखाटत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं, पण तोवर एक पिढी त्यावर पोसली गेली होती. उत्तर भारतात उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतला दुकानदार दोरीवर कॉमिक्स टांगून ती दिवसाच्या भाड्यानं द्यायचा, तसा तो महाराष्ट्रातही होता. भाड्याचं कॉमिक घरी आलं की ते एकट्याचं राहत नसे. संध्याकाळच्या आत ते भावंडांत फिरायचं, शेजारच्या घरात जाऊन यायचं, आणि ‘वेळ फुकट घालवता’ म्हणून ओरडणारे वडीलच दुपारी ते तोंडावर धरून पडलेले दिसायचे. आज ‘फॅन कल्चर’ म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं वाचणं, जमवणं, अदलाबदल करणं आणि कोण कोणाला भारी यावर हमरीतुमरीवर येणं, हे सगळं त्या घरांत होतं. फक्त तिकीट नव्हतं.

नोएडाचा आणि कॉमिक्सचा संबंध यापेक्षा जवळचा आहे. या शहराचा जन्म १७ एप्रिल १९७६ चा. नोएडा म्हणजे न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण, या लांबलचक सरकारी नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, गुलशन राय यांनी दिल्लीत डायमंड कॉमिक्स काढलं. फौलादी सिंग, लंबू-मोटू, राजन-इक्बाल ही नावं हिंदी पट्ट्यात घराघरांत गेली. आणि सगळ्यांत वर अर्थातच प्राण यांचे चाचा चौधरी. पुढे याच डायमंड कॉमिक्सचा पत्ता नोएडा, सेक्टर ५८ असा झाला. टिनटिनच्या गोष्टी हिंदीत आणणारं ओम बुक्सही नोएडाचंच, सेक्टर ६४ चं. पुनीत गुप्ता यांच्या त्या हिंदी अनुवादांत टिनटिनचा कुत्रा ‘नटखट’ या नावानं वावरतो. कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्या आणि वृत्तवाहिन्यांचं म्हणून ओळखलं जाणारं हे शहर चित्रकथांचंही होतं, हे तिथे राहणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

प्राणकुमार शर्मा यांचा जन्म १९३८ चा, आज पाकिस्तानात असलेल्या कसूरचा. फाळणीनंतर कुटुंब इकडे आलं. दिल्लीत राज्यशास्त्र शिकलेल्या या माणसानं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १९६० मध्ये ‘मिलाप’ या वर्तमानपत्रात ‘डब्बू’ ही चित्रमालिका सुरू केली. चाचा चौधरी आले ते दिल्लीच्या ‘लोटपोट’ या मुलांच्या नियतकालिकासाठी. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, हातात काठी, सोबत गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू आणि रॉकेट नावाचा कुत्रा. भारतातला सर्वांत लोकप्रिय कॉमिक नायक निवृत्तीच्या वयाचा आहे आणि बायकोची बोलणी खातो, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी. प्राण यांच्या श्रीमतीजी, पिंकी, बिल्लू, रमण या सगळ्या मालिका घराच्या चार भिंतींत आणि फार तर अंगणात घडतात. कुटुंबानं एकत्र वाचाव्यात अशाच त्या रचलेल्या. प्राण ऑगस्ट २०१४ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या नमामि गंगे मोहिमेनं चाचा चौधरींनाच आपला शुभंकर केलं.

यमुनेच्या पलीकडे, उत्तर दिल्लीतल्या बुराडीत राज कॉमिक्सचं घर. राजकुमार गुप्ता आणि त्यांच्या मुलांनी १९८६ मध्ये नागराज काढला, १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला, नव्वदीच्या दशकात डोगा. अंकाच्या शेवटी ‘ग्रीन पेज’ असायचं. त्यात संजय गुप्ता वाचकांशी थेट गप्पा मारत. इंटरनेट नसलेल्या काळात गोरखपूरच्या किंवा इंदूरच्या मुलाला आपल्यासारखे वेडे आणखी आहेत हे त्या पानावरून कळायचं. आता भावांच्या वाटण्या झाल्यात आणि संजय, मनोज, मनीष अशा तिन्ही नावांची वेगवेगळी प्रकाशनं निघतात. चाहत्याच्या खिशाला त्यामुळे तीन भोकं पडली, एवढंच.

मराठी वाचकाला या कहाणीत आणखी एक कडी सापडेल. नागराजचं पहिलं कॉमिक रेखाटलं पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. अमर चित्रकथेतली देवादिकांची आणि ऐतिहासिक वीरांची चित्रं काढणारा, अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ करून कागदावर उतरवणारा हाच हात. त्या पहिल्याच गोष्टीत, एका दुष्ट शास्त्रज्ञानं हत्यार म्हणून घडवलेल्या नागराजला त्याच्या तावडीतून सोडवतात ते बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्या मराठी घराला ही ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. नोएडातल्या मराठी कुटुंबांत मूल हिंदी नागराज वाचताना आई-वडिलांना तो परका वाटत नाही, याचं थोडं श्रेय या रेषांना द्यायला हवं.

अमर चित्रकथेची ठिणगीही दिल्लीतच पडली होती. १९६७ मध्ये अनंत पै यांनी तिथल्या एका दुकानातल्या दूरदर्शन संचावर प्रश्नमंजूषा पाहिली. मुलांना ग्रीक पुराणातल्या देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. त्याच वर्षी मुंबईच्या इंडिया बुक हाऊसकडून ही माला सुरू झाली, आणि १९८० मध्ये ‘टिंकल’. तिथेही मराठी हात भरपूर. शिकारी शंभू रेखाटला वसंत हळबे यांनी, सुप्पंडी रेखाटला राम वाईरकर यांनी. वाईरकरांनंतर सुप्पंडी काढण्याचं काम त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांच्याकडे आलं. बापाच्या टेबलाशेजारी वाढलेल्या मुलीनं त्याचं पात्र पुढे चालवावं, याहून मोठं घरगुती कॉमिक कल्चर ते कोणतं?

आता प्रत्यक्ष घराकडे. नोएडात मुलं सक्तीनं घरात बसतात असे दोन हंगाम आहेत. मे-जूनची लू, आणि दिवाळीनंतरचा धुरकट महिना. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषण रोखण्याच्या योजनेचा चौथा टप्पा लागू झाला तेव्हा दिल्लीसह नोएडातल्या शाळांचे वर्गही ऑनलाइन घ्यावे लागले होते. मैदान बंद, खिडक्या बंद, शाळा पडद्यावर. अशा दिवसांत कॉमिक्सची पेटी उघडणं हा छंदापेक्षा उपायच जास्त असतो, कारण पडद्यापासून मुलाची मान वळवायला तितकंच रंगीत काहीतरी हातात द्यावं लागतं.

पण कुणाला काय द्यायचं हे ठरवायला हवं. कॉमिक म्हणजे लहान मुलांचं, हा समज चुकीचा. डोगा मुंबईत राहतो, कुत्र्याचा मुखवटा चढवतो आणि गुन्हेगारांना सरळ गोळ्या घालतो; सहा वर्षांच्या मुलापुढे तो ठेवण्यात शहाणपण नाही. या काळजीला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानं कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं पुस्तक लिहिलं आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. ती लाट इथेही पोचली. भारतीय संसदेनं १९५६ मध्ये गुन्हे आणि क्रौर्य रंगवणाऱ्या चित्रकथांपासून तरुणांचं रक्षण करणारा खास कायदा केला. त्यात ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांखालची व्यक्ती! मतदानाचं आजचं वय ओलांडलेल्या मुलालाही कॉमिकपासून वाचवायला निघालेला हा कायदा आज गमतीचा वाटतो, तरी आई-वडिलांनी आधी स्वतः वाचून मग मुलाला देणं हा नियम वाईट नाही. पिंकी, बिल्लू, सुप्पंडी, मोटू-पतलू पाच-सहा वर्षांपासून चालतात. २०१२ पासून वाहिनीवर दिसणारे मोटू-पतलू मूळचे ‘लोटपोट’चे, हे कळलं की मुलं चकित होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ध्रुव उत्तम: त्याच्याकडे कोणतीही अद्भुत शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला हा पोरगा मोटारसायकल आणि डोकं या दोन गोष्टींवर लढतो.

दुसरं मूल झालं की घरातल्या संग्रहाची खरी परीक्षा सुरू होते. रांगणाऱ्या बाळाला कॉमिक चावायलाही आवडतं. जुने चाहते म्हणून दोन कप्पे करतात, वाचायच्या प्रती खालच्या फळीवर आणि जपायच्या वर. जुनी कॉमिक्स स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापलेली असतात. त्या कागदातल्या लाकडाच्या अंशामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो. बाजारात मिळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशवीत मागे जाड पुठ्ठा घालून अंक ठेवावा, पिशव्या उभ्या लावाव्यात, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नयेत. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल. तान्हं बाळ असलेल्या घरात डांबरगोळ्या मात्र ठेवूच नयेत, त्या बाळाला खरोखर अपायकारक असतात. आणि एखाद्या अंकावर पोरानं खडूनं मिशा काढल्या तर काढू द्याव्यात. मिशा काढलेला अंक विकला जाणार नाही हे खरं, पण संसारी चाहता विकण्यासाठी जमवतोच कुठे?

वेशभूषेचं वेड, ज्याला जपान्यांमुळे जगभर कॉस्प्ले म्हणतात, तेही घरात स्वस्तात होतं. कॉनमध्ये दिसणारी फोमची चिलखतं महिनोन्‌महिने खपून बनवलेली असतात. मुलांना तेवढं नको असतं. ऑनलाइन खरेदीचे खोके नोएडाच्या कुठल्याही सोसायटीत ढिगानं पडलेले असतात. त्यातून साबूची कवचं निघतात, आणि आजोबांचा जुना फेटा व बनियनवरचं जाकीट एवढ्यात चाचा चौधरी उभे राहतात. काही सोसायट्यांत मुलांच्या वाढदिवसाचा विषयच कॉमिक ठेवतात. सजावट दुकानातून आणण्यापेक्षा पाहुण्या मुलांनाच काढायला बसवलं तर दोन तास घर शांत राहतं, हा फायदा वेगळा.

काढायला म्हणजे काय? यासाठी दिल्लीतच एक पद्धत तयार आहे. शरद शर्मा यांची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था गावोगावच्या, चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसांना स्वतःची गोष्ट कॉमिकमध्ये सांगायला शिकवते. ए-४ आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईनं चित्रं नि संवाद भरायचे आणि झेरॉक्स काढून भिंतीवर लावायचे. पहिल्या चौकटीत ओळख, मग प्रसंग, मग पेच, मग शेवट. लिफ्ट बंद पडली, पाणी आलं नाही, आजी पहिल्यांदा मेट्रोत बसली, असा घरातला कोणताही प्रसंग यात बसतो. दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा मिळून एक कॉमिक काढू शकतात. हात वळलेला असण्याची गरजच या पद्धतीत नाही.

करोनाकाळात तर बड्या जत्रांनाही घरीच यावं लागलं. जुलै २०२० मध्ये सॅन दिएगोनं आपलं संमेलन ‘घरचं कॉमिक कॉन’ म्हणून इंटरनेटवर मोफत भरवलं. नोएडातल्या घरात बसून पाहणाऱ्याला एरवी विमानाच्या तिकिटाविना न दिसणारी चर्चासत्रं दिसली. अनुभव संमिश्र होता; आधीच चित्रित केलेल्या गप्पांत गर्दीचा उत्साह कुठून येणार? पण तेव्हापासून प्रकाशकांनी थेट घरी माल पोचवण्याची जी सवय लावून घेतली ती टिकली. आज जुन्या कॉमिक्सच्या नव्या आवृत्त्या आगाऊ नोंदणीवर येतात, सोबत स्टिकर, चुंबक, सही केलेलं चित्र. किमती मात्र लहानपणच्या आठवणींशी जुळत नाहीत. महिन्याची रक्कम नवरा-बायकोनं आधीच ठरवून घेतलेली बरी, नाहीतर ‘सेट पूर्ण करायचाय’ या एका वाक्यावर घरखर्च हलतो. आणि फोनवरच्या गटांत फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफचा मोह टाळावा. पाचशे-हजार प्रतींवर तगून असलेल्या छोट्या प्रकाशकाचं त्यात सरळ नुकसान आहे.

मराठी घरांना नोएडात आणखी एक विवंचना असते. शाळेत इंग्रजी, सोसायटीत हिंदी, मग मराठी वाचायची कधी? इथे कॉमिकइतका सोपा शिक्षक नाही. वाक्य छोटं, चित्र शेजारी, अडलेला शब्द चित्रावरून कळतो. अमर चित्रकथा मराठीत मिळते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेल्या ‘चिंटू’चे संग्रह मिळतात, पप्पू, मिनी, बगळ्या या चिंटूच्या दोस्तमंडळींना भेटायला मुलाला पुण्याला जावं लागत नाही. बालभारतीनं १९७१ पासूनचे ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेत. २०२३ चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती, पवित्र प्रभाकर नावाचा देशी स्पायडरमॅन त्यात आहे. २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी निघालेल्या कॉमिकमधला हा नायक. आजोबांचा वेताळ, बाबांचा नागराज आणि नातीचा पवित्र अशी तीन पिढ्यांची बैठक एका दिवाणावर बसू शकते, आणि कोण भारी यावर भांडूही शकते.

त्यासाठी वेताळ हाताशी हवा. मराठी इंद्रजालचे अंक आता दुकानात मिळत नाहीत. दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये महिला हाटात हलला, तिथे हिंदी-इंग्रजी अंक अधूनमधून दिसतात, मराठी जवळजवळ नाहीच. ते आहेत पुण्या-मुंबईच्या, सोलापूर-नागपूरच्या माळ्यांवर, लोखंडी ट्रंकांत. तेव्हा गावच्या घरी ज्यांच्या अशा ट्रंका असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्यापुढे ठेवण्याआधी उघडून पाहाव्यात, आणि दूरच्या शहरात वाढणाऱ्या नातवंडांना एकदा विचारावं.